चार बोटं दोरा

"पाचशे बासष्ट!"

सेवेकऱ्याने ग्लुकोमीटर माइकजवळ नेऊन आकडा वाचला, आणि पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या त्या वातानुकूलित मंगल कार्यालयात जमलेल्या पाच-सहाशे माणसांनी एकदम श्वास आत ओढला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मागून कुणीतरी म्हणालं, "एवढी साखर? बाई जिवंत कशी?"

बाई, म्हणजे विचुंबे गावची वेणूआत्या, व्यासपीठावरच्या पाटावर पाय पसरून बसली होती आणि आपलं काहीतरी चारचौघांत उघडं पडल्यासारखी खाली बघत होती.

माधुर्यनाथ महाराज सिंहासनावर डोळे मिटून मंद हसले. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगावर मोतिया रेशीम, गालाला चिकटलेला बारीक माइक. "घाबरू नका, माई. ही साखर तुमची नाहीच. पूर्वजांचं जे गोड खायचं राहून गेलं, ते तुमच्या रक्तात येऊन बसलंय. डॉक्टर काय करतो? साखर मोजतो. आम्ही साखर मोकळी करतो! आणि इन्सुलिन म्हणजे काय हो? लाच! सकाळ-संध्याकाळ लाच द्यायची सवय लावलीत, तर शरीर फुकट काम करेल का?"

सभागृह खळखळून हसलं. लाच हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा होता, त्यामुळे पुढचं आपोआप पटलं.

मग एका सेविकेने आत्याच्या मांडीपासून तळव्यापर्यंत मोरपिसांचा कुंचा फिरवायला सुरुवात केली. महाराज मंत्र म्हणत होते. मध्येच साखरेशी मराठीतून बोलत होते. "चल, निघ बाहेर. या माईला सोड. पेशी-पेशीतून ये. क्वांटम मार्गाने ये." दहा मिनिटांनी आत्याचे दोन्ही हात कडुनिंबाच्या पाण्याच्या घंगाळात बुडवून, चोळून धुतले गेले. "निघालेली साखर घरी नेऊ नका," महाराजांनी बजावलं. हात पुसले. त्याच हाताच्या शेजारच्या बोटाला पुन्हा सुई टोचली.

"तीनशे एकाहत्तर! दहा मिनिटांत एकशे एक्क्याण्णव उतरली!"

जयजयकार झाला. आत्याच्या डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या पडल्या. तिचा मुलगा प्रितम पहिल्या रांगेत उभा राहून दोन्ही हात वर करून टाळ्या पिटत होता.

तिसऱ्या रांगेतल्या दिपिकाने हात मांडीवर तसेच ठेवले होते. नवीन पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती अकरा वर्षं काम करत होती. तिथे उपाशीपोटी तीनशे एकाहत्तर आली, तर नमुना पुन्हा लावायचा, आकडा तोच आला तर डॉक्टरांना फोन करायचा आणि पेशंटला खुर्चीवरून उठू द्यायचं नाही, असा शिरस्ता होता. इथे त्याच आकड्यावर फुलं पडत होती.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं. पण मग दोरा आला.

पहिल्या दिवशी प्रत्येक भक्ताच्या मांडीभोवती, कपड्यांवरून, लाल दोरा गुंडाळून माप घेतलं जाई. दर पंधरवड्याला तोच दोरा पुन्हा गुंडाळायचा. जेवढा जास्तीचा भरेल तेवढा कापून महाराज समोरच्या होमात टाकत. "एवढी साखर जळाली!" आज आत्याच्या दोऱ्याचं एक बोटभर टोक कापलं गेलं. इन्सुलिन सोडल्यापासूनच्या चार महिन्यांत मिळून चार बोटं. सेवेकऱ्याने ते माइकवर सांगितलं, आणि चार बोटं म्हणजे आजवरचा उच्चांक आहे हेही सांगितलं.

"पुढच्या रविवारी वेणूमाईंची मुक्ती!" महाराज म्हणाले. "त्या दिवशी माई आपल्या कुलदेवतेची शपथ घेतील. आयुष्यात पुन्हा सुई नाही, गोळी नाही. वचन द्याल ना, माई?"

"देईन की महाराज," आत्या म्हणाली.

दिपिका आत्याला ओळखत होती. दिपिकाची आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, तेव्हापासून तिला वाढवलं ते या आत्याने. एकवीरा आईचं नाव घेऊन दिलेला शब्द वेणूआत्या मोडणार नव्हती. मेली असती, पण मोडला नसता.

*

घरी आल्यावर आत्या न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"आत्या?"

"दिपे, जरा ये गो आत. मना उठवत नाय."

आत्या खालच्या स्टुलावर बसली होती. एका हाताने नळ धरलेला, दुसरा भिंतीला. दिपिकाने तिच्या काखेत हात घालून तिला उचललं. ओल्या परकराखाली मांडी दिसली. कातडी सैल होऊन लोंबत होती. आत हाताला लागण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ही बाई लग्नाआधी जासईच्या बाजूच्या मिठागरात मिठाच्या पाट्या वाहायची. ओलं मीठ भरलेली पाटी डोक्यावर घेऊन, खाली बसलेली, हात न टेकता उठायची. दिपिकाला तिच्या मांडीवर बसून पेज खाल्ल्याचं आठवत होतं. ओट्यावर बसल्यासारखं घट्ट वाटायचं.

"किती हलकी झाली मी, बघ," आत्या कौतुकाने म्हणाली. "साखर गेली ना."

"आत्या, उद्या लॅबला चल. एकदाच रक्त घेते."

"नको. महाराज बोललं, बाहेर रक्त काढला का सगली शक्ती वाया जाते."

बाहेर सोफ्यावर प्रितम मोबाइलवर शिबिराचे फोटो टाकत होता. त्याचे डंपर होते, नाक्यावर त्याचा फोटो असलेला फलक होता, आणि त्या फलकावर महाराजांचाही फोटो होता. माणूस वाईट नव्हता. आईला दर रविवारी गाडीतून नेणारा, उशी मागे लावणारा मुलगा.

"दादा, आत्याला उठता येत नाहीये."

"वय झाला तिचा."

"बासष्ट हे वय झालं? चार महिन्यांपूर्वी ती गच्चीवर पापड घालायला जात होती."

"दिपे, तुना खरा सांगू?" प्रितमने मोबाइल खाली ठेवला. "लोक बरं झालं तर तुमच्या लॅबचा धंदा बुरल. म्हनून बोलतंस तू. सगल्यांच्या देखत मशीन लावतान. मशीन काय खोटा बोलतं? तुमचीच मशीन हाय ना ती?"

मशीन खरंच खोटं बोलत नाही, हे दिपिकालाही माहीत होतं. तिने ते लांबून पाहिलं होतं; साधं, दुकानात मिळणारं, चांगलं मशीन होतं. पट्टी नवी, सुई नवी. मग दहा मिनिटांत एकशे एक्क्याण्णव?

ती वर आपल्या खोलीत आली आणि सवयीप्रमाणे पहिल्यापासून आठवत गेली. लॅबमध्ये आकडा चुकला की ती असंच करायची: नमुना कुणी घेतला, कशात घेतला, त्याआधी काय झालं. सभागृहात शिरताना काय झालं? चपला काढल्या. रांगेत उभे राहिलो. दारात पंचामृत दिलं. उजव्या हाताच्या खळग्यात पळीभर. दूध, दही, तूप, मध, साखर. लोकांनी प्राशन केलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. तिनेही फिरवला होता. हात कुणी धुतला नाही. पंचामृत घेतलेला हात कोण धुतो? लहानपणी तिने एकदा धुतला होता तर आत्याने पाठीत धपाटा घातला होता.

तिने उजवा तळवा नाकाशी नेला. आंबूस, गोडसर वास अजून येत होता. बोटं एकमेकांना चिकटत होती.

सेवेकऱ्याने आत्याचं उजव्या हाताचं बोट पुसलं होतं ते कोरड्या कापसाने. स्पिरिटचा वास कुठेच नव्हता.

तिने कपाटातून ग्लुकोमीटर काढला. आधी साबणाने हात धुऊन, कोरडा करून बोट टोचलं: एक्क्याण्णव. मग स्वयंपाकघरात जाऊन वाटीत पंचामृत कालवलं, तळव्यावर घेतलं, चाटलं, हात केसांवरून फिरवला. पाच मिनिटं थांबली. कोरड्या कापसाने बोट पुसून टोचलं.

तीनशे अठ्ठ्याऐंशी.

पुन्हा हात धुतले. त्र्याण्णव.

तिने तिन्ही पट्ट्या ओळीने समोर मांडल्या. रक्ताचा थेंब तो केवढा, आणि त्यात कातडीवरची साखर मिसळली तर मशीन बिचारं काय करणार? थेंबात जे आहे तेच ते सांगतं. पहिला आकडा पंचामृताचा. दुसरा खरा. मंत्र, मोरपीस, क्वांटम, सगळं मधल्या दहा मिनिटांची करमणूक. साखर उतरवत होतं ते घंगाळातलं पाणी.

इतकं साधं. आणि इतकं नीच. कारण हे कळायला माहिती लागते. पट्टी कशी चालते हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच हे रचलं होतं. आणि हातावरचा प्रसादाचा ओलावा कुणी धुणार नाही, ही आपली सवय त्याने नेमकी हेरली होती.

म्हणजे आत्याची खरी साखर तीनशे एकाहत्तर होती. हात धुतल्यावरची.

*

आठवडाभर तिने सांगून पाहिलं. आत्याने ऐकलं नाही. "पंचामृतानं साखर वाढते? काय बोलतंस! देवाचा प्रसाद हाय तो." प्रितमने तर बोलणंच टाकलं. मग दिपिका रविवारी लवकर उठली, पिशवीत मशीन, पट्ट्यांची नवी डबी, साबणाची वडी आणि पाण्याची बाटली भरली, आणि सगळ्यांबरोबर गाडीत बसली.

आत्याच्या मुक्तीआधी नव्या भक्तांची 'पहिली साखर' मोजली जाणार होती. दिपिकाने दारातच नाव नोंदवलं आणि पंचामृत मुकाट्याने हातावर घेतलं.

"दिपिका! वय चौतीस! चारशे एकतीस!" सेवेकरी ओरडला.

"अरेरे," महाराज हळहळले. "एवढ्या लहान वयात! आजोळकडून आलीये. आईच्या आईची आई. तिला जिलबी फार आवडायची. दिली नाही कुणी."

हॉलभर चुकचुकाट झाला. पहिल्या रांगेत प्रितम चमकून उभा राहिला. दिपिकाला मधुमेह नव्हता हे त्याला पक्कं माहीत होतं.

"मोरपीस थांबवा जरा," दिपिका म्हणाली. तिचा आवाज बारीक होता. म्हणून तिने सेवेकऱ्याच्या हातातला माइकच घेतला. "मी आधी हात धुते."

तिने व्यासपीठाच्या कडेला घंगाळावर वाकून, बाटलीतल्या पाण्याने, साबण लावून हात धुतले. रुमालाने कोरडे केले. आपलं मशीन काढलं, बोट टोचलं आणि ते मशीन पुढच्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांपुढे धरलं. "काका, मोठ्याने वाचाल?"

ते काका, कृष्णकांत नावाचे निवृत्त अधिकारी, पत्नी आशालताबाईंना घेऊन करंजाड्यातूनच आले होते. त्यांनी चष्मा वर केला. "एकोणनव्वद."

मग महाराजांचा आवाज सभागृहात घुमला. "पाहिलंत? नुसत्या दर्शनाने उतरली! मंत्रसुद्धा लागला नाही! बोला, माधुर्यनाथ महाराज की..."

"जय!" सभागृह गरजलं.

सत्य समोर ठेवावं आणि त्याच्यावरच गुलाल उधळला जावा, असं झालं होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत दिपिकाला तिच्या लॅबमध्ये येणारे तीन चेहरे दिसले. एक तर शाळेत विज्ञान शिकवत होते.

ती हलली नाही. टाळ्या ओसरेपर्यंत थांबली. मग दारातलं पंचामृताचं पातेलं व्यासपीठापाशी उचलून आणलं, पळीभर तळव्यावर घेतलं, प्यायली, हात डोक्यावरून फिरवला.

"आता परत टोचते. काका, वाचा."

"तीनशे... शहाण्णव," कृष्णकांत म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

"दोन मिनिटांत कुणी चढवली, महाराज? माझ्या पणजीने?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दिपिकाने पुन्हा हात धुतला. "वाचा."

"ब्याण्णव."

"परत पंचामृत. वाचा."

"चारशे दोन."

"परत साबण."

"नव्वद. अहो, हे काय चाललंय काय?" कृष्णकांत महाराजांकडे वळले.

"यंत्रात दोष आहे! नास्तिकाच्या हातात यंत्र बिघडतं!" महाराज म्हणाले. कपाळावरचं गंध घामाने नाकावर उतरलं होतं.

"मग तुमच्या यंत्रावर करू," कृष्णकांत म्हणाले. "माझी मोजा. पण मी हात धुऊन येतो."

"हात धुणं शिबिराच्या नियमात बसत नाही," सेवेकरी घाईघाईने म्हणाला.

"का बसत नाही?" हे आशालताबाई बोलल्या. "शेवटी तुम्हीच धुता ना? मग आधी धुतला तर काय बिघडतं?"

महाराजांनी सेवेकऱ्याकडे पाहिलं, सेवेकऱ्याने महाराजांकडे. तेवढ्या त्या नजरानजरेत जे कळायचं ते पुष्कळांना कळलं. लोक उठले. मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला, जेवणावळीनंतर हात धुण्यासाठी नळांची ओळ होती. तिथे बघता बघता रांग लागली. आगरी बायका, करंजाड्यातल्या फ्लॅटमधली पेन्शनर मंडळी, सगळे बाह्या वर करून बोटं चोळत होते आणि कृष्णकांत दिपिकाच्या मशीनवर एकेकाची साखर मोजत होते. "दोनशे वीस!" "माझी तर गेल्या रविवारच्या 'उतरलेल्या' एवढीच हाय की!" "अरे, तीन महिने गोली सोडली रे मी, मेल्या!"

सगळेच उठले नव्हते. तीस-चाळीस जण तसेच बसून हात जोडून होते, आणि दोन बायका महाराजांचे पाय धरून रडत होत्या, की पाप्यांच्या पायी आमची मुक्ती अडवू नका.

महाराजांनी तोच धागा पकडला. "ज्यांची श्रद्धा पक्की आहे त्यांची मुक्ती थांबणार नाही. वेणूमाई! उठा. शपथ घ्या."

*

आत्या पाटावर बसली होती. समोर कुलदेवतेची तसबीर, नारळ, हळदकुंकू मांडलेलं. तिने सगळं पाहिलं होतं. पण चेहऱ्यावरून कळत नव्हतं तिला काय वाटतंय.

"आत्या," दिपिका तिच्यापाशी येऊन बसली. "ऐकलंस ना?"

"ऐकला. आकडा खोटा असंल," आत्या हळूच म्हणाली. "पन दोरा? दोरा तर खोटा नाय ना गो? माझ्याच मांडीचा हाय. चार बोटं कमी झाला. साखर गेल्याबिगर कसा होईल?"

दिपिकाने आठवडाभर ज्याची वाट पाहिली तो हाच प्रश्न होता. दोरा खरा होता. या सगळ्या तमाशात तेवढंच खरं होतं, आणि म्हणून तेच सगळ्यात भयंकर.

"हो. दोरा खरा आहे. आत्या, ऊठ. शपथ घ्यायला उभं राहावं लागेल ना? ऊठ."

प्रितम आधार द्यायला पुढे झाला. दिपिकाने त्याला हाताने अडवलं. "कुणी हात देऊ नका."

आत्याने तळवे जमिनीला टेकले. जोर लावला. मांड्या थरथरल्या, साडीवरून दिसाव्यात इतक्या. ती दोन इंच उचलली गेली आणि परत बसली. पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी तिच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला. सहाशेतल्या उरलेल्या सगळ्यांनी तो ऐकला. दिपिकाने नखं तळव्यात रोवून घेतली होती. तिला वाटत होतं आपण खाटकासारखे वागतोय.

"साखर गेली असती तर जोर आला असता ना, आत्या?" ती म्हणाली. "मग तुझा जोर कुठे गेला?"

आत्याने आपलीच मांडी हाताने दाबून पाहिली.

"रक्तातली साखर सगळ्यात जास्त खातो कोण? आपलं मांस. मांडीचं, पोटरीचं, दंडाचं. पण साखर आत घ्यायला त्या मांसाला दारं लागतात. ती दारं प्रथिनांची असतात, आतच ठेवलेली असतात. इन्सुलिनचा निरोप आला की वर येतात आणि साखर आत जाते. तुझा निरोप आधीच अडखळत पोचत होता, म्हणून बाहेरून सुई देत होतो. ती बंद केलीस. आता साखर रक्तात तुंबलीये आणि मांस उपाशी आहे. भरल्या घराबाहेर उपाशी."

"मग?" हे प्रितमने विचारलं.

"मग शरीर काय करणार? जगायला तर हवं. आधी चरबी जाळली. आणि इन्सुलिन नसलं की मांस मोडायलाही कुणी अडवत नाही. त्यातली प्रथिनं सुटी होऊन रक्तातून काळजात, म्हणजे यकृतात जातात." ती थांबली. पुढचं वाक्य तिला आत्यासमोर म्हणवत नव्हतं. "आणि यकृत त्या प्रथिनांचं काय बनवतं माहितीये, दादा? साखर. ही तीनशे एकाहत्तर कुठून येते वाटलं तुला? आत्या गोड खात नाही, भात अर्धा केलाय. तिच्या मांडीची साखर होतेय. महाराज दर पंधरवड्याला दोरा कापून होमात टाकतात ना, ती तिची साखर नव्हती. ते तिचं मांस होतं. आणि आपण टाळ्या वाजवत होतो."

प्रितम मटकन व्यासपीठाच्या पायरीवर बसला.

"भ्रम! पाश्चात्त्य भ्रम!" महाराज म्हणाले, पण त्यांच्या माइकचा आवाज कुणीतरी बंद केला होता, रेशमातला तो माणूस नुसताच तोंड हलवताना दिसला. माइकशिवाय त्याचा आवाज फारच किरकोळ होता.

आत्याने समोरच्या तसबिरीला हात जोडले.

"आई, माफी कर," ती म्हणाली. "तुझा नाव घेऊन मी मरायची शपथ घेनार व्हते." मग मान वळवून, "प्रितम, बसलास काय रं तसा? उचल मना. दवाखान्यात ने."

*

पनवेलच्या ज्या रुग्णालयात तिला नेलं तिथे तिच्या लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळताना सुटणारी आम्लं, सापडले. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ती, चौदा टक्क्यांच्या वर होती; निरोगी माणसात ती सहाच्या आत असते. त्या चिकटलेल्या साखरेला मोरपीस दिसत नाही आणि पाण्याने ती धुतलीही जात नाही. "आणखी आठवडाभर थांबला असतात," डॉक्टर प्रितमला म्हणाल्या, "तर बेशुद्धीत आणली असतीत." प्रितम मान खाली घालून उभा होता. बाहेर आल्यावर त्याने नाक्यावरचा फलक उतरवायला माणूस पाठवला.

इन्सुलिन सुरू झालं. अंडी, डाळ, मासे पोटभर सुरू झाले. फिजिओथेरपिस्ट रोज आत्याला उंच खुर्चीवरून दहा वेळा उठायला लावते; आत्या तिला शिव्या घालत उठते. स्नायूने काम केलं की त्याची दारं इन्सुलिनच्या निरोपाशिवायसुद्धा थोडी उघडतात, हे दिपिकाने तिला सांगितलंय. सहा महिन्यांनी ती धरून का होईना, जिना चढली. चार बोटांतलं दीडएक बोट भरून आलंय. बाकीचं येईल की नाही, डॉक्टर नक्की सांगत नाहीत. बासष्टाव्या वर्षी गेलेलं मांस सहजी परत येत नसतं.

शिबिरातल्या सगळ्यांना भाची नव्हती. तक्रार झाली, पोलिसांनी जबाब घेतले, कार्यालयाच्या मालकाने हॉल देणं बंद केलं. महाराज सध्या कुठे आहेत हे नक्की कुणी सांगत नाही; पण एवढ्या कमाईची युक्ती माहीत असलेला माणूस स्वस्थ बसला असेल असं वाटत नाही. त्या दिवशी उठून हात धुवायला न गेलेली तीस-चाळीस माणसं अजूनही कुठेतरी पाटावर बसत असतील.

त्यांच्यासाठी म्हणून हे लिहायचं. देव माना, न माना. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण शरीर कुणाचंही भक्त नसतं. त्याला इन्सुलिन, अन्न आणि काम लागतं, आणि ते मिळालं नाही तर ते निमूटपणे स्वतःलाच खातं. म्हणून जो माणूस चालू औषध सोडायला सांगतो आणि वर 'बाहेर तपासू नका' असंही बजावतो, त्याला भर सभेत, मोठ्याने विचारा: का नाही? बाहेर तपासलं तर काय दिसेल? हे विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. आणि विचारायची लाज वाटत असेल, तर निदान टाळ्या तरी वाजवू नका. समोर एक माणूस झिजत असतो.